रिकामीच चालली का?

सातपुड्यातल्या धडगावहून चांदसैली घाटाकडे येताना एका वळणावर जीप बाजूला घेतली होती. बिघाड काही नव्हता, मागच्या ट्रॉलीचा आवाज डोक्यात बसला होता फक्त. मे महिना, दुपार व्हायची होती तरी वारा गरम, समोरच्या घरापुढे जुन्या साड्या अंथरून त्यांच्यावर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, आणि तो आंबट वास उन्हात असा भरून राहिलेला की कोरड्या तोंडालाही पाणी सुटावं. मी उतरून हुक बघितला, साखळ्या बघितल्या, चाकाच्या हबला हात लावून गरम झालाय का ते बघितलं, सगळं जिथल्या तिथे. तेवढ्यात सावलीत आमचुराची पोती टेकवून बसलेले एक बाबा उठून आले, ट्रॉलीत वाकून बघितलं आणि विचारलं, "रिकामीच चालली का?"

हो म्हटलं, रिकामीच. पाणी संपलेलं, शिधा संपलेला, चार भांडी न् अंथरुणं तेवढी होती. मग त्यांची पोती आत टाकली, दोरीने आवळली, बाबा पुढे माझ्याशेजारी बसले, त्यांच्या नातवाला ट्रॉलीत बसायचं होतं पण ते काही मी ऐकलं नाही, ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही म्हणजे नाही, त्यालाही पुढेच घेतलं. आणि घाट उतरताना मागचा आवाज बंद. तीच ट्रॉली, तोच रस्ता, तेच खड्डे, आणि मागे काही आहे की नाही असं वाटावं इतकी शांत चाल. बाबांनी एकदा मागे वळून बघितलं, "आता बरी चालते" म्हणाले, आणि पुढे पावसापाण्याचं बोलत बसले. खाली बाजाराच्या गावाला ते उतरून गेले. पण तो प्रश्न काही उतरला नाही, घरी येईपर्यंत आणि आल्यावरही.

ट्रॉली म्हणजे काय हे खान्देशात कोणाला सांगायला नको. कपाशी, केळी, ऊस, लग्नाचं वऱ्हाड, सभेची माणसं, सगळं ट्रॉलीतूनच जातं. माझी मात्र ट्रॅक्टरची नाही, जीपच्या मागची, सहा बाय चारची, एका आखाची म्हणजे एका ॲक्सलची, दोन चाकांची. सातपुड्यात हिंडायचं, तोरणमाळच्या मागच्या बाजूला, मोलगीकडे, बिलगावच्या अंगाला नर्मदेपर्यंत, आणि मुक्काम पडेल तिथे कोणाच्या दारात भांडं घेऊन उभं राहायचं नाही, आपलं पाणी आपलं पीठ आपल्याजवळ, हे बरेच दिवस मनात होतं. जीपमध्ये घरची माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही. डोक्यावर कॅरिअर ठोकून सामान वर चढवलं तर आडव्या उतारावर जीप कलायला लागते, पोटात गोळा येतो. तेच वजन मागे, कमरेच्या खाली आणलं की जीप मोकळी होते. एवढा साधा हिशोब होता.

शहाद्याच्या बाहेर ट्रॉल्या बनवणारे एक मिस्तरी आहेत, त्यांच्याकडे काम दिलं. मोठा निंब, खाली लोखंडाचे तुकडे, ग्राइंडरच्या ठिणग्या, वेल्डिंगच्या धुराचा तो घशात बसणारा वास, आणि मधूनच येणारा चहा. कागदांचं आधी बघून ठेवलेलं होतं, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलेलं आहे, त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, त्यामुळे कोणी असं काही करायला निघालं असेल तर कटर हातात घ्यायच्या आधी ते काम करा एवढंच सांगेन. मिस्तरींचं शिक्षण किती ते मी कधी विचारलं नाही, पण लोखंड कुठे तुटतं हे त्यांना माहीत आहे. पुढची दांडी म्हणजे इंग्रजी ए सारखी तिकोनी फ्रेम, ती त्यांनी बॉक्सच्या पुढच्या पट्टीला जोडून सोडून दिली नाही, पार आखाच्या मागेपर्यंत खालून नेली. आणि जिथे दांडी बॉक्सखाली शिरते तिथे चॅनलच्या खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारायला पोरगं निघालं तसे ओरडलेच त्याच्यावर. सगळा ताण तिथेच येतो, आडवा वेल्ड मारला की त्याच्या कडेनेच तडा धरतो, रोज थोडा थोडा वाढतो आणि एक दिवस दांडी हातात येते. तिथे लांबट, चौकटच्या पानाच्या आकाराची पट्टी लावून फक्त लांबीच्या बाजूंनी वेल्ड केला. हे मी बाहेरच्या देशातल्या लोकांच्या व्हिडिओत बघितलं होतं, मिस्तरींनी कुठेच बघितलेलं नव्हतं, तुटलेल्या ट्रॉल्या बघून त्यांना कळलेलं होतं.

आख कुठे बसवायचा ह्यावर मात्र भरपूर बोलणं झालं. बरोबर मध्ये बसवला तर सामान जरा मागे गेलं की गाडी उलाळ, म्हणजे मागे झुकून दांडी वर. म्हणून मध्यापासून थोडा मागे, म्हणजे शंभरातलं साठ वजन आखाच्या पुढे आणि चाळीस मागे असं धरून. हुकावर एकूण वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास यायला हवं, 500 किलो भरली असेल तर 50 किलो. त्याहून फार कमी आलं की पक्क्या रस्त्यावर वेगात शेपूट हलायला लागतं आणि एकदा का ते डावं-उजवं सुरू झालं की जोरात ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतं. फार जास्त झालं तर जीपचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि घाटात स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मिस्तरींनी शेजारच्या दुकानातला धान्याचा काटा आणून दांडीखाली ठेवला, आत सिमेंटच्या गोण्या टाकून पुढे-मागे सरकवत बघितलं. आख तोपर्यंत नुसता क्लॅम्पवर होता, काटा बघून मग पक्का केला. असं निवांत, एकेक इंच सरकवत काम करणारा माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट.

चाकं जीपचीच, त्याच मापाची, त्याच नटांची, दोन्ही चाकांमधलं अंतरही जीपएवढंच. ह्यातलं पहिलं सगळ्यांना पटतं, कारण एक स्टेपनी दोघांना चालते. दुसऱ्याचं महत्त्व पाऊस पडल्यावर काळ्या जमिनीतून जाताना कळतं. आपल्या काळ्या मातीचं काय ते माहीतच आहे, चप्पल सोडत नाही ती चाक काय सोडणार. जीप स्वतःची चाकोरी पाडत पुढे जाते, ट्रॉली त्याच चाकोरीतून आली तर ओढायला निम्मं काम. चाकं आत-बाहेर असतील तर ट्रॉलीला स्वतःची नवी चाकोरी पाडावी लागते आणि क्लच जळायचा वास यायला लागतो. वळणावर मात्र ट्रॉली आतूनच कापते, तिथे काही इलाज नाही, घाटातल्या आखूड वळणाला जीप बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन मग वळवायची, नाहीतर आतलं चाक नालीत.

हुकाचं सांगायलाच पाहिजे. साधा 50 मिलिमीटरचा गोळा पक्क्या रस्त्याला उत्तम आहे, पण नाल्यात जीप एकीकडे कललेली आणि ट्रॉली दुसरीकडे, असं झालं की गोळ्यावरचा टोप एका मर्यादेपलीकडे फिरत नाही, मग तो तरी उचकटतो नाहीतर दांडी पिळवटते. लष्कराच्या ट्रेलरला हुक आणि रिंग असते, ती पाहिजे तेवढी फिरते पण ढिली असल्यामुळे सारखी ठणठण. आम्ही हुकाच्या मागे दांडीतच एक फिरता गाभा बसवला, आत बेअरिंग, ग्रीस भरायला निपल, म्हणजे वर-खाली आणि डावं-उजवं पिनांवर आणि पीळ गाभ्यावर. खाली दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून फुलीत बांधलेल्या, पिन निसटली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी म्हणून. आणि लाइटच्या वायरीबरोबर अर्थची वायर वेगळी ओढलेली, हुकाच्या लोखंडातून अर्थ मिळेल ह्या भरवशावर राहिलं की धूळ-ग्रीसमुळे मागचे दिवे हव्या त्या वेळी लागत नाहीत.

आणि मग पाटे, म्हणजे आखावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या.

पाटे बसवायच्या दिवशीच मिस्तरी बोलले होते, "भरेल गाडी ते कोनी बी हाकस भाऊ, रिकामी हाकी दखाड." म्हणजे रिकामी हाकून दाखव. तेव्हा मी हसलो आणि ते कामाला लागले. पाटे आम्ही भरलेल्या वजनाच्या हिशोबाने घेतलेले, तसेच सगळे घेतात, तुटू नये म्हणून. पण रिकाम्या जीपमध्ये इंजिन असतं, गिअरबॉक्स असतो, चालवणारा असतो, माणसं चढली तरी वजन थोडंफारच वाढतं. ट्रॉलीला स्वतःचं असं वजनच नाही. माझी रिकामी 250 किलोच्या आत-बाहेर आणि भरली की दुप्पट. म्हणजे जे पाटे दुप्पट वजनाला लवायला बनवले आहेत ते निम्म्या वजनाला लवतच नाहीत, तेव्हा ते पाटे राहत नाहीत, नुसते लोखंडी ठोकळे होतात. खड्डा आला की चाक उचलतं, चाकाबरोबर अख्खी ट्रॉली उचलते, तापल्या खापरावर ज्वारीची लाही उडावी तशी, आणि खाली येते ती आदळूनच. त्यात चाकात हवा भरलेल्या वजनाची, म्हणजे टायरही दगड. धडगावच्या त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात बसलेला आवाज तो हा होता. भांडी फुटतात, नट ढिले होतात, वेल्ड दमतो, आणि हे सगळं जाताना नाही, येताना होतं, जेव्हा आपण म्हणतो की आता काय, ट्रॉली रिकामीच तर आहे.

बाबांचा प्रश्न ऐकला तेव्हा पहिल्यांदा मला मिस्तरी आठवले आणि रात्री घरी आल्यावर आजोबा. आमचं गाव शिरपूर तालुक्यात. आजोबा कापूस घेऊन जिनिंगला जायचे, पहाटे अंधारात निघायचे, गाड्याखाली कंदील बांधलेला, आणि परत येताना गाडं रिकामं कधी आणायचे नाहीत. ढेप आणायची, मीठ आणायचं, गावात कोणाचं काही आणायचं असेल ते आणायचं, आणि काहीच नसलं तर अरुणावती नदीतली दोन-चार पाट्या रेती टाकून आणायची, ती मग अंगणात ढीग करून पडलेली असायची आणि आम्ही पोरं त्यात खेळायचो. मला लहानपणी वाटायचं ही काटकसर आहे. असेलही. पण एकदा रिकाम्या गाड्यातून त्यांच्याबरोबर आलो होतो ते आठवतं, चाकाची लोखंडी धाव दगडावर खणखणत होती, दात एकमेकांवर आपटत होते, आणि आजोबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ते बैलांच्या मानेकडे बघत होते. गाडं उडालं की जू उडतं आणि जू आदळतं ते मानेवर. भरल्या गाड्याने बैल दमतो, रिकाम्याने त्याला हिसके बसतात. घरी आल्यावर त्यांनी आधी बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला होता, तेल लावलं होतं, मग स्वतः पाणी प्यायले.

जीपची मूळ ट्रॉलीही मला ह्या निमित्ताने परत वाचावीशी वाटली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीपच्या मागे ओढायला छोटी दोनचाकी ट्रॉली बनवली, बँटम कंपनीने तर हजारोंनी बनवल्या. जीपचीच चाकं, डब्याचा तळ असा बंद की पाण्यात सोडली तर तरंगते. तिचं स्वतःचं वजन 250 किलोच्या आसपास, आणि माल किती घालायचा तर रानातून 225 किलोच्या जवळपास, पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. पक्क्या रस्त्यावर जे चालतं त्याच्या निम्मंच रानात न्यायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आपण उलटं करतो, रानात जायचं म्हणून जास्त भरतो.

मग मिस्तरींकडे परत गेलो. आता काय केलं ते सांगतो, कोणाच्या कामी येईल. जाड पाटे काढून पातळ घेतले, कारण पाट्याची जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो, तेव्हा एक जाड पाटा कमी करण्यापेक्षा सगळे थोडे थोडे पातळ केलेले बरे. त्याखाली एक सरळ जाड पाटा, वरच्यांपासून बोटभर अंतर सोडून. रिकामी असली की तो नुसता लटकलेला, वजन पडून वरचे पाटे खाली आले की मग तो टेकतो आणि भार घेतो. दोन्ही बाजूंना शॉकॲब्जॉर्बर, कारण मऊ पाटा उसळी घेतो आणि ती उसळी थांबवायला कोणीतरी पाहिजे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना तो लावायची आपल्याकडे पद्धत नाही म्हणून मिस्तरींनी आधी नाक मुरडलं, मग ब्रॅकेट मात्र असं सुंदर बनवलं की बघत राहावं. टायरमधली हवा परतताना कमी करायची, छोटा कॉम्प्रेसर जीपमध्ये आहेच, डांबर लागलं की परत भरायची. पाण्याची टाकी आखाच्या जरा पुढे, अगदी तळाला, आत आडवे पडदे घालून, नाहीतर अर्धी टाकी घाटात पुढे-मागे हिसके देते. आणि धुळीसाठी, हे मला फार आवडलेलं काम आहे, बॉक्सला पुढे उंचावर जाळी लावलेलं एक तोंड ठेवलं, चालताना तिथून हवा आत दाबली जाते, आत दाब राहिला की मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जात नाही. नुसतं रबर लावून मुरुमाची धूळ थांबत नाही, ती पिठाच्या डब्यात सापडते.

पण सगळ्यात मोठं काम ह्यातलं कुठलंच नाही. बॉक्समध्ये मी स्वयंपाकाचं कपाट पक्कं ठोकून घेतलं होतं, शेगडीला कप्पा, मसाल्याला कप्पा, भाकरीच्या परातीला मापात खाच, वर लाकडी फळी, पॉलिश. जीव लावून केलेलं काम. ते आता सुटं केलं, चार बोल्ट काढले की दोन माणसं उचलून बाहेर ठेवतात, म्हणजे मुक्कामाच्या गावात कपाट ठेवून ट्रॉली मोकळी होते. कडेने आतून-बाहेरून दोरीसाठी कड्या लावल्या. कारण त्या भागात रिकामं वाहन जाताना दिसतच नाही. बाजाराच्या दिवशी धडगावला जीपच्या टपावर पोती, पोत्यांवर माणसं, मागच्या दाराला लटकलेली माणसं, आणि त्याच रस्त्यावरून मी सहा बाय चारची जागा आणि लाकडाचं पॉलिश फिरवत नेत होतो. बाबांच्या प्रश्नात टोमणा अजिबात नव्हता. जाणारी गाडी आहे, जागा आहे, आपली पोती आहेत, एवढी साधी चौकशी होती, आमच्या आजोबांना त्यांच्या गावात कोणीही असंच विचारलं असतं. मला तिथल्या डोंगरांचं सुख पाहिजे असतं, पावसाळ्यानंतरचे ते हिरवे उतार, मोहाचा वास, रात्रीचं थंड पाणी, आणि तिथल्या माणसांना त्याच डोंगरातून पोती खाली न्यायची असतात. ह्या दोन गोष्टी एका ट्रॉलीत मावतात की नाही माहीत नाही. भाडं घ्यायचं नाही एवढं नक्की, तो धंदा ज्यांचा आहे त्यांचाच राहू दे, आणि ट्रॉलीची नोंदणीही त्यासाठी नाही. पण कोणी विचारलं तर आत जागा असावी, आणि टाकलेलं पोतं धुळीत न माखता खाली पोचावं, हे आता माझ्या मापांमध्ये आलेलं आहे.

जागा ठेवली म्हणजे उतरताना वजन असणार, आणि वजन असणार म्हणजे ब्रेक. त्यावर मिस्तरींचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा ट्रॉलीला ब्रेक कशाला, इतक्या मोठ्या ट्रॉल्या बिनब्रेकच्या चालतात, "इतलं कसाले करी राहिना?" माझं म्हणणं, सपाटीवर चालतात हो, चांदसैलीला मागून 500 किलो ढकलतंय आणि समोर दरड पडलेली, तेव्हा फक्त जीपच्या ब्रेकवर राहायची माझी तयारी नाही. ढकल-ब्रेक म्हणजे ट्रॉली पुढे दाबली गेली की दांडीतला सरकता दांडा मागे जातो आणि तोच ओढून चाकाचे ब्रेक लावतो, वायर नको, हवा नको. त्याला दोन अडचणी आहेत, एक म्हणजे रिव्हर्स घेतानाही तो लागतो, त्यासाठी खटका करावा लागतो, आणि दुसरं, लांब उतारावर तो सारखा घासत राहून ड्रम तापतात. दुसऱ्यावर इलाज पहिला गिअर, लो, आणि वाटेत थांबून चहा. खटका कसा करायचा ते मिस्तरींनीच परवा खडूने फरशीवर काढून दाखवलं, नको नको म्हणत. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावरच्या यात्रेला तळोदा-धडगावच्या रस्त्यांवर माणसं पायी चाललेली असतात, त्याच्या आत हे झालेलं मला पाहिजे. जुन्या जीपचे दोन ड्रम भंगारवाल्याकडे बघून ठेवलेत, लायनिंग नवीन घ्यायचं, सोमवारी ट्रॉली त्यांच्याकडे सोडतोय.